डोळ्याच्या काठचा तुकडा

रफूवाल्या ताईचं दुकान म्हणजे जिन्याखाली एक खुर्ची, एक स्टूल, एक टेबल आणि मान वाकवता येणारा दिवा. कोटाला भोक पडलं की लोक तिच्याकडे येतात. ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार दोरे ओढून काढते आणि भोक असं बुजवते की मालकालाही जागा सापडू नये. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी मूळपेशींचं प्रकरण समजावलं तेव्हा तिला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

तिचा धाकटा भाऊ रंगारी. पिंपात चुना ढवळताना उसळला आणि त्याचे दोन्ही डोळे भाजले. बुबुळाच्या काठावर मूळपेशी असतात, त्या बुबुळाचा वरचा थर सारखा नवा करत राहतात. त्याच जळाल्या, म्हणून बुबुळं दुधाळ झाली. रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या डोळ्याच्या काठचा कणभर तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि त्याच्या डोळ्यावर लावायचा, असा बेत ठरला. जुळल्या त्या ताईच्याच पेशी. सुईत दोरा ओवून जगणारी बाई, तिचं पोटच डोळ्यांवर. तरी तिने डावा डोळा पुढे केला.

भावाला एका डोळ्याने दिसायला लागलं. धुळीत जायचं नाही, चुन्याजवळ तर फिरकायचंही नाही, अशी तंबी त्याला मिळाली होती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेजाऱ्याची पोपडे आलेली भिंत दिसली आणि हा गडी शिडीवर चढून ती खरवडायला लागला. जुना चुना डोळ्यात गेला, बुबुळ पुन्हा दुधाळ.

आता भावजय येऊन समोरच्या स्टुलावर बसली होती. चहा पीत इकडचं तिकडचं बोलत होती, पण विषयाला हात घालेना.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" शेवटी ताईनेच विचारलं.

"पुन्हा करता येईल म्हणतात. तुमचा दुसरा डोळा चालेल."

"आणि तो?"

"ते म्हणतात, ताईला विचारू नकोस. दिसायला लागलं की मी पुन्हा चढणारच, उगाच तिचा डोळा भिंतीला कशाला लावायचा?"

ताईला संताप आला. मेल्याने पुन्हा चढणार नाही अशी खोटी शपथ घेतली असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तिच्या डाव्या डोळ्याची जखम नीट भरली होती, तक्रार काही नव्हती. पण पुन्हा ते ऑपरेशनच्या टेबलावर आडवं पडणं, पुन्हा पट्टी, बंद दुकान आणि तेलही गेलं, तूपही गेलं असं झालं तर काय, ही भीती. तिला या सगळ्याचा वीट आला होता. भावाचाही आला होता, आणि असा वीट आल्याची आता लाजही वाटत नव्हती.

"नाही म्हणू?" तिने विचारलं.

"म्हणा, ताई. मीही थकलेय. निदान वाट बघणं तरी संपेल."

ताईने सुई सुया टोचायच्या गादीत खोचली.

"अगं, नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. नाही म्हटलं की तो रोज चाचपडत इथे येणार, आणि मला ते या चांगल्या दोन डोळ्यांनी बघत बसावं लागणार. तेवढा जोर माझ्यात उरला नाही. तारीख घे."

भावजयीने कप खाली ठेवला आणि ती रडायला लागली. ताईने तिला रडू दिलं.