ताटातला बर्फ

थंडीला आणि लग्नाला सारख्याच जोरात घाबरणारा माणूस अख्ख्या सातपुड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या खोलीत राहायला होता. मोलगीच्या वरच्या अंगाला आमची आश्रमशाळा. तिथे हे विज्ञान शिकवत, मी मराठी. मूळचे तळोद्याचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना सर म्हणे. दिवाळीचा फराळ संपायच्या आत त्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढे ती होळीलाच उतरे. टोपीवर मफलर, मफलरवर शाल. पोरं त्यांना आवाजावरून ओळखत. आंघोळीचा विषय रोज निघे आणि रोज पुढे ढकलला जाई. "पाहू, उन्हं येऊ द्या," म्हणायचे. उन्हं यायची तेव्हा शाळेची घंटा व्हायची. बरं, स्वभाव असा गोड की रागवायचीही सोय नाही.

चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधलेली. नवी घ्यायला अक्कलकुव्याला जायचं तेही 'पाहू'. याच 'पाहू'त आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर अडकल्या होत्या. त्या नवापूरकडच्या, एकट्या राहणाऱ्या, सरांपेक्षा दहापट धीट. सर शिंकले की गोळ्या घेऊन हजर. आणि खरं सांगायचं तर सरही गरजेपेक्षा जास्तच शिंकत. शेवटी एकदा बाजाराहून परतताना सिस्टरनी भरल्या जीपमध्ये सरळ विचारलं, लग्न करायचं का. सर म्हणाले, इथे बर्फ पडला की करू. सगळी जीप हसली. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत.

आणि गेल्या जानेवारीत एका सकाळी दार उघडतो तर काय! गवताच्या गंजीवर, कौलांवर, उभ्या जीपच्या टपावर सगळं पांढरं. बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. सर गोधडीतून नाक काढून म्हणाले, "भाऊ, दार लाव." लावतो कुठला? दारात सिस्टर उभ्या. हातात स्टीलचं ताट, ताटात जीपच्या टपावरून खरवडून आणलेला बर्फ, मागे निम्मं गाव.

"पडला, सर," त्या म्हणाल्या.

सर घाबरले की पुस्तकी बोलत. गोधडीसकट उठून बसत त्यांनी समजावलं की शास्त्रीयदृष्ट्या हा बर्फ नव्हे, हे गोठलेलं दव. बर्फ पडायला ढग लागतात, आणि काल रात्री आभाळ निरभ्र होतं. लोकांनी कपाळाला हात लावला. सिस्टरनी शांतपणे सगळं ऐकलं आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"दव तर दव. माझी नवापूरला बदली झालीय, परवा निघते. हे वितळायच्या आत काय ते सांगा. मी परत विचारणार नाही."

ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं, ताटात पाणी सुटलं. सर एकदा ताटाकडे बघत, एकदा माझ्याकडे. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे बाबा, बोल की! बोराएवढा खडा उरला तेव्हा सरांनी टोपी काढली. भर जानेवारीत! केस पार चपटे झालेले.

"मी बी येस नवापूरले," ते थेट घरच्या अहिराणीत म्हणाले. "तठे थंडी बी कमी शे."

सिस्टर रडल्या. रडता रडताच त्यांनी सरांना टोपी घालायला लावली.

पुढे सरांनी बदली मागून घेतली, तीही स्वतः दोन-तीनदा नंदुरबारला खेपा घालून. आता दोघं फोन करतात, सुट्टीत या म्हणतात. मी जाईनच. पण खोलीत आता दोन्ही गोधड्या माझ्याच असून रात्री कुडकुडायला होतं, आणि इथली थंडी एकट्याने काढायची सवय काही अजून लागत नाही.