रॅम्पवरचं गेट

“‘शेवटचा प्रवासी’ असं लिहिलंय तुम्ही. येत्या रविवारी आमची एक जायची आहे. तिचं काय करायचं?”

मी भिंतीवर माहितीफलकाचा नमुना धरून उभी होते. मागे वळून पाहिलं तर सत्तरी गाठलेल्या एक बाई, हातात भाजीची पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. फलकावरचा स्टेशनचा इतिहास त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता आणि त्यांना तो पसंत पडलेला नव्हता.

मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट आहे. म्हणजे जुनी वास्तू पडू द्यायची नाही आणि नव्यासारखी चकचकीतही होऊ द्यायची नाही. माझ्या सासूबाई लोकांना सांगतात, ती जुन्या घरांना रंग देते. मी आता त्यांची चूक दुरुस्त करत नाही.

हे स्टेशन म्हणजे पुण्याच्या पूर्वेकडचा एक छोटासा हॉल्ट. दगडी तिकीटखोली, पत्र्याची शेड, सागवानी बाक आणि लांबलचक प्लॅटफॉर्म. एके काळी इथे शेतं होती. मग शहर आलं, बस आल्या आणि गाड्या बंद झाल्या. पुढे लाइन दुसरीकडून वळवली आणि इथले रूळसुद्धा उचलून नेले. आता एका कंपनीने जागा लीजवर घेतली होती. तिकीटखोलीत छोटं प्रदर्शन आणि शेडखाली कॅफे, असा बेत होता. तिथल्या कामाचे प्रमुख देवधर माझ्या शेजारीच उभे होते.

“इथून कोण जाणार? गाडी कुठे आहे?” देवधर म्हणाले.

“गाडी नाही हे आम्हाला दिसतं. आम्ही मागेच राहतो,” बाई म्हणाल्या.

सुमनताई कांबळे त्यांचं नाव. सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या. त्यांचे वडील याच स्टेशनवर पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जाणार ते सांधे बदलून ठरवणारे. स्टेशनमागच्या वस्तीत रेल्वेत काम केलेल्यांचीच घरं. त्या वस्तीतली प्रत्येक मुलगी लग्न होऊन सासरी गेली ती या प्लॅटफॉर्मवरून. गाड्या होत्या तेव्हा गाडीने. गाड्या गेल्या, तरी पाठवणीची जागा कुणी बदलली नाही. विहारात लग्न लागतं, मग नवरीला इथे आणून बाकावर बसवतात. शेडला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडतात. पूर्वी गाडी सुटताना पडायचे तसेच. मग ती प्लॅटफॉर्मच्या टोकाला रॅम्पवरून, म्हणजे उतारावरून, खाली जाते. तिथे मोटार उभी असते.

“माझ्या भावाची नात आहे, प्रज्ञा. खराडीला आयटीत आहे. सासर वाघोलीला,” सुमनताई म्हणाल्या.

“मग रिक्षानेही जाता येईल,” देवधर म्हणाले.

“येईल ना. तुम्ही तुमच्या मुलीला पाठवा रिक्षाने.”

अडचण अशी होती की शनिवारी फेन्सिंग लागणार होतं. चारी बाजूंनी जाळी आणि रस्त्याकडून एकच दार. रॅम्प कायमचा बंद. तसं ड्रॉइंग माझ्याच ऑफिसातून गेलं होतं, देवधरांच्या सूचनेप्रमाणे.

ताई गेल्यावर मी देवधरांना म्हटलं, “सर, आमच्या कामात एक तत्त्व असतं. वास्तूचा जुना वापर अजून चालू असेल, तर तो दगड-लाकडाइतकाच जपायचा.”

“मॅडम, वापरात नाही म्हणून तर ही जागा मिळाली आपल्याला! उद्या कुणी पडलं तर लायबिलिटी कुणाची?”

बरीच वादावादी झाली. शेवटी ते म्हणाले, “रविवार होऊन जाऊ दे. मी स्वतः हजर राहीन. सोमवारी रॅम्प बंद म्हणजे बंद.”

रविवारी मी जरा लवकरच पोचले. सुमनताई बाक पुसत होत्या. बाकाला मी तेलपाणी करून घेतलं होतं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. पुसता पुसता त्या सांगू लागल्या.

“माझं सासर दौंडचं. गाडी इथे जेमतेम थांबायची. आईने खिडकीतून डबा दिला आणि झाली की सुरू. ती आपली गाडीबरोबर चालतेय, चालतेय. रॅम्प आला तशी थांबली. मला वाटलं आता घरी जाईल. नाही गेली. दिसेनाशी होईपर्यंत तिथेच.”

बोलताना त्यांनी रॅम्पकडे पाहिलंही नाही. मला मात्र माझी आई आठवली. माझी पाठवणी मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये झाली होती. मागे दुसऱ्या लग्नाची गाडी हॉर्न वाजवत होती आणि आई घाईघाईत माझ्याऐवजी माझ्या नणंदेच्या गळ्यात पडली होती.

पांढऱ्या साडीतली प्रज्ञा आली. वस्तीतली माणसं आली. सगळ्यांनी शेडखाली गर्दी केली. देवधर प्लॅटफॉर्मच्या कडेला घड्याळ बघत उभे होते.

एका म्हाताऱ्या काकांनी रुळावर टोले दिले. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. सगळ्यांच्या माना एकदम पूर्वेकडे वळल्या, जिथून कित्येक वर्षांत काही आलं नव्हतं. कडेला उभी असलेली माणसं मागे सरकली. देवधरही सरकले. चांगली दोन पावलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते उगाच मोबाइल काढून बघू लागले.

प्रज्ञा रॅम्प उतरली. ती मोटारीत बसल्यावर आईने खिडकीतून तिला डबा दिला. तोपर्यंत हसत असलेली ती मुलगी तेव्हा रडली. तिची आई रॅम्पच्या टोकाला थांबली आणि मोटार वळणाआड जाईपर्यंत हलली नाही.

सोमवारी देवधरांचा फोन आला. “त्या रॅम्पवर एक गेट दाखवा ड्रॉइंगमध्ये. किल्ली त्या बाईंकडे राहू दे. आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला रेलिंग पाहिजे, ते मी सोडणार नाही.”

मी खुशीत ड्रॉइंग करून सुमनताईंना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर ढकलला. “हे गेट बाहेरच उघडतंय.”

“हो. नवरी बाहेर जाणार ना?”

“अहो मॅडम, गेलेली मुलगी माहेरी येत नाही का? मी दौंडहून आले तेव्हा आई त्याच जागी उभी होती. हातात सामान असतं, कडेवर पोर असतं. पुढे ढकललं की उघडलं पाहिजे. दोन्हीकडून.”

मी दोन्हीकडे उघडणारं गेट काढलं. फेन्सिंगवाल्याने कुरकुर केली, पण लावलं. परवा कॅफेत चहा घेत बसले होते, तेव्हा प्रज्ञा खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रॅम्पवरून वर आली. गेट तिने गुडघ्याने ढकललं. आत तिची आई कुलूप हातात घेऊन उभी होती.

फलकाचा मथळा आता नुसता ‘प्रवासी’ आहे. ‘शेवटचा’ हा शब्द मी कुठल्याच फलकावर लिहीत नाही. लिहिला की भाजीची पिशवी घेऊन कुणीतरी येतंच.