तुमच्या आईचा पहिला पगार

आज देव घासताना चिंचेचा वास आला आणि सिंगापुरातल्या आपल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधली एक जुनी संध्याकाळ आठवली. मुलांनो, तुमच्या आईचा पहिला पगार झाला होता. आपल्याकडे तो आधी देवापुढे ठेवतात, म्हणून मी देव घासून, निरांजन लावून तिची वाट बघत होते. तिने तबकात युनिव्हर्सिटीची पावती ठेवली. सगळा पगार गरजू विद्यार्थ्यांच्या फंडाला!

"अगं, पहिला पगार देवाचा असतो!" मी चिडले, याचं आता हसू येतं.

"म्हणूनच दिला ला, आई!" ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. " माझी फी त्याच फंडाने भरली. देणाऱ्यांनी मला कधी पाहिलं होतं का?"

मी पावतीला हळदकुंकू लावलं. शेजारच्या चार घरी पेढे वाटताना तिच्या नोकरीबद्दल सांगायचं राहूनच गेलं. पावतीबद्दल मात्र चारही घरी सांगितलं.