सोजरबाईनं ओळखलेला माणूस

अनसिंगची सोजरबाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, तरी तिच्या एका बोटापायी एक निरपराध माणूस तुरुंगात जायच्या बेतात होता. हे झालं कसं, ते मला काही उलगडेना. नसत्या चौकशा करायची माझी खोडच, म्हणून तिच्या म्हातारपणी तिला विचारून विचारून भंडावलं.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. कापूसवेचणीचे दिवस, सासू-सून सोडून घरचे सगळे शेतात. भरदुपारी चोर शिरला, सासूच्या डोक्यात मागून काठी घातली आणि दागिन्यांचा डबा घेऊन पळाला. सोजरबाई तिथंच होती, म्हणजे तिनं पाहिलंच असणार, असं साऱ्यांनी धरलं. पोलिसांनी रस्त्यावरून कारंज्याच्या गफ्फारला उचललं.

वाशीमला ओळखपरेड झाली. तहसीलदारांनी माणसं रांगेत उभी केली आणि चोर यातच आहे, पदर वर घेऊन नीट बघा, म्हणून सांगितलं. परक्या पुरुषांकडं तिनं असं कधी बघितलेलं नव्हतं. लाजेनं मेल्याहून मेली. सारे चेहरे अनोळखी, एकच तेवढा ओळखीचा. तिनं बोट दाखवलं.

"हाच!"

सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

कोर्टात गफ्फारचा वकील वैतागून म्हणाला, "बाई, घराबाहेरच्या किती पुरुषांची तोंडं तुम्ही पाहिलीत?"

लोक हसले. सोजरबाई मात्र खरंच आठवायला लागली. गावातल्या दुकानदाराचंसुद्धा तोंड तिनं धड पाहिलेलं नव्हतं.

"एकाचंच," ती म्हणाली. "जत्रेत बांगड्या भरनाऱ्याचं. हात त्याच्या हातात, तोंड समोरच." ती गफ्फारकडं बघत राहिली आणि तिला रडूच फुटलं. "साहेब, हा तोच हाय! यानंच मले बांगड्या भरल्या होत्या."

गफ्फारही चकित. "बाई, मी त बायांचे मनगटंच पाहतो. तुमाले कसा वळखू?"

न्यायाधीशांनी विचारलं, "मग चोर कसा होता?"

मागं सासरे उकंडराव बसले होते. सुनेनं चोर ओळखला म्हणून ते गावभर मिशीला पीळ देत फिरले होते. सोजरबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"काय सांगू, साहेब? परका मानूस घरात शिरला, म्हून मी पयले पदर ओढला."