सुमनचा कुकर आणि आमचे डिंकाचे लाडू

शेजारच्या सुमनकडे प्रेशर कुकर आला तो तिच्या नवऱ्याच्या तंगड्यांमुळे.

कंपनीच्या वार्षिक खेळांत तो धावण्यात पहिला आला, त्याचं हे बक्षीस. काळेवाडीच्या आमच्या चाळीतली पहिली शिट्टी सुमनच्या घरात वाजली. तिकडे शिट्टी झाली की इकडे माझ्या अंगाचा तिळपापड! (माझा भात तेव्हा स्टोव्हवर पातेल्यात रटरटत असायचा.)

"भट्टीवर काम करणाऱ्यांना कंपनी रोज गूळ देते ना, त्याचाच जोर गं," सुमन म्हणाली.

आमचे हे त्याच कंपनीत, पण स्टोअरमध्ये. नटबोल्ट मोजणाऱ्याला कोण गूळ देतो?

म्हटलं, पुढच्या खेळांत त्या गुळाची जिरवतेच! माझी बहीण बाळंतपणात डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खाऊन कशी ठणठणीत झाली होती! मी कुरुळीला आईकडे निरोप धाडला: डिंक, खारीक, अळीव, मेथ्या पाठव. भरपूर पाठव.

सामान घेऊन आई स्वतःच आली. सोबत बाळाची कुंची!

"मला आधी का न्हाई सांगितलंस गं?"

"अगं आई, हे सगळं यांच्यासाठी आहे. शर्यतीला!"

"व्हय व्हय," आई माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "पहिल्या खेपेला आमी बी अशाच लाजायचो."

चहा उकळेपर्यंत अख्ख्या चाळीला गोड बातमी कळली होती.

आई गेली, लाडू राहिले. सकाळी लाडू, शिफ्ट सुटली की लाडू, वर वाटीभर खीर.

"अगं, मला पळायचंय, बाळंत व्हायचं नाहीये!" हे कळवळून म्हणाले.

"गिळा मुकाट्यानं! तिच्या कुकरात डाळ शिजते आणि इथं मी शिजतेय!"

शर्यतीच्या दिवशी यांच्या हाफ पँटचं बटण लागेना. मी सेफ्टी पिन लावली. (इतकं बाळसं धरलंय म्हणजे ताकद आलीच, अशी माझी समजूत!) सगळे सुटले. हे अर्ध्यात पोट धरून मटकन खाली बसले. पिन उघडली होती! उठले ते दोन्ही हातांनी पँट धरून थेट मैदानाबाहेर.

सुमनचा नवरा पुन्हा पहिला. पुन्हा कुकर! एका बाईला दोन-दोन कुकर? देवा, ही कुठली रे तुझी वाटणी?

मी अगदी रडकुंडीला आले होते, तोच सुमन खोकं घेऊन समोर उभी.

"हा तू घे गं. अशा दिवसांत स्टोव्हपाशी किती उभी राहशील?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आईशप्पथ उघडलं! पण हात आधीच पुढे झाले होते.

आता कुकर ठेवायचा तर बाळ दाखवणं भाग होतं. आम्ही लागलीच कंबर कसली, पण निसर्गाला काही ओव्हरटाइम कळत नाही. थोरली जन्मली तेव्हा चाळीच्या हिशेबानं मला सोळावा महिना चालू होता!