काजव्यांची खूण

मुलगी म्हापशाच्या कॉलेजात सायन्स शिकायला लागली आणि रोज संध्याकाळी शेताच्या कडेला काजवे बघायला जाऊ लागली. यात अभ्यास किती आणि नाटक किती, हा माझा पहिला प्रश्न. राज्य नवं झालं तेव्हाची गोष्ट. भाषेच्या भांडणात आमच्या भिंतीवर मराठीच्या घोषणा, तर शेतापलीकडच्या घरावर कोंकणीच्या. त्या घराशी बोलणं बंद होतं. आणि त्या घरात एक मुलगा होता, तोही म्हापशाच्याच बसने जायचा.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले. काजवे चमकतात कशाला, म्हणून विचारलं. ती म्हणाली, आधी त्यांच्या अळ्याच चमकत असणार. मी कडू आहे, खाऊ नको, असं बेडकाला सांगायला. एकदा तोंड पोळलेला बेडूक पुन्हा त्या उजेडाच्या वाटेला जात नाही. पुढे मोठ्या काजव्यांनी तोच उजेड जोडीदार शोधायला वापरला. नर उडताना लुकलुकतो, मादी गवतातून उत्तर देते. कुठल्याशा परदेशी जातीतली मादी तर दुसऱ्या जातीची खूण उचलते आणि नर आला की त्यालाच खाते.

हे तिने मला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती खोलीत वाचत बसलेली पाहून मी बॅटरी घेतली आणि शेताच्या कडेला गेले. दोनदा लावली, दोनदा विझवली. पलीकडून तसंच उत्तर आलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या पोराला फैलावर घ्यायचं म्हणून मी बांधावरून तरातरा निघाले, तर मधोमध समोर त्याची आई. तिच्याही हातात बॅटरी. ती माझ्या मुलीला पकडायला आली होती.

हसू यायला हवं होतं, मला रागच आला.

"तुजें चेडूं घरांत आसा मगे?" तिने माझ्या मुलीचं विचारलं. कितीतरी दिवसांनी आमच्यात झालेलं पहिलं बोलणं.

मी मागे बोट दाखवलं. मुलीच्या खोलीतला दिवा तिथूनही दिसत होता. तिच्या मुलाच्या खिडकीतही उजेड होता. तरी दोघींचं समाधान होईना. घरी जाऊन बघायचं आणि पोर नसेल तर अंगणातून बॅटरी दाखवायची, असं ठरलं.

खोलीत दिवा चालू, पुस्तक उघडं, मुलगी नाही. तिचे चांगले कपडेही कपाटात नव्हते. मी बॅटरी उचलली. कशीबशी अंगणात आले, पण बॅटरीचं बटण काही सापडेना. तेवढ्यात पलीकडच्या अंगणात बॅटरीचा उजेड झाला.