लिंपलेली विहीर

पेव उघडले की सगळ्यात आधी वास वर येई. आंबूस, कोमट, किंचित गोडसर. जमिनीने कित्येक महिने छातीत धरून ठेवलेला श्वास एकदम सोडावा तसा. पेव म्हणजे ज्वारी साठवण्यासाठी गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोदलेला खोल खड्डा. घागरीसारखा, तोंड लहान, पोट मोठे. पाचोडला आमच्या घरामागे तसे एक होते. झाकणाच्या दगडाभोवती लिंपलेली माती आबा पहारीने खरवडून काढत, काकांच्या मदतीने दगड सरकवत, आणि मग सगळेच मागे सरत. पेवात लगेच उतरायचे नसते. सकाळी तोंड मोकळे करायचे, उन्हे कलेपर्यंत वारा आत खेळू द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून तो खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी उतरणे नाही. तेवत राहिला, तर आबा कमरेला दोर बांधून त्या अरुंद तोंडातून आत जात. बघता बघता त्यांचे खांदे, मग मुंडासे, मग आवाजही जमिनीखाली जाई.

दोराचे दुसरे टोक काकांच्या हातात असे. आईच्या हातात काही नसे. तिचे काम हाक मारण्याचे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून ती काठावर बसून नुसते विचारी, "हाय का?" खालून उत्तर येई, "हाय." थोड्या वेळाने पुन्हा, "हाय का?" पुन्हा, "हाय." प्रश्नाला कर्ता नाही, उत्तरालाही नाही. खालचा आवाज प्रत्येक वेळी थोडा वेगळा होऊन येई, ज्वारीच्या ढिगात बुडालेला, भुशाने झाकलेला. उत्तराला जरा उशीर झाला, तर काकांनी दोर ओढायचा. का, कशाला, हे विचारत बसायचे नाही. मला त्या वेळी ही दोघांची आवडती गंमत वाटत असे. पेवात साचलेली विषारी हवा माणसाला ओरडण्याचीही उसंत देत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

त्या वासाची आठवण गेल्या हिवाळ्यात आली, आणि आली ती एका मसुद्यातून. महाविद्यालयात मी वर्षानुवर्षे कविता शिकवली. निवृत्तीनंतर शहरातल्या माझ्या दोन खोल्यांत बसून अनुवाद करते: औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रके, पंपाच्या सूचना, कधी एखादी नियमावली. त्या हिवाळ्यात जे काम आले, ते जमिनीखालच्या नैसर्गिक वायुसाठ्यांच्या सुरक्षा मानकांचे होते. जुनी मानके सुधारली जात होती आणि सुधारित मसुदा मराठीत हवा होता, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना वाचता यावा म्हणून. तेल उपसून रिकामे झालेले खडक, मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्या, यांत वायू दाबून भरायचा आणि गरज पडेल तेव्हा वर काढायचा. त्यातला काही वायू मात्र कधीच काढायचा नसतो. तो तळाशी राहतो आणि वरच्याला दाब देतो, एवढेच त्याचे काम. हे वाक्य मी फार सावकाश लिहिले.

मी बसते त्या खोलीखाली असले काही नाही. आमच्या शहराखाली काळा कातळ आहे, आणि तो कोणाला सहजासहजी आत घेत नाही. त्याच दिवसांत गल्लीत पाइपच्या गॅसचे खोदकाम चालले होते. ब्रेकर कातळावर आपटत असे आणि माझ्या टेबलावरचा चहा पेल्यात शहारत असे. जोडणी करायला आलेल्या माणसाने शेगडीजवळच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिले, मग खिशातून मोबाइल काढला.

"बाजी, आपका नंबर हुआ. अब दुसरा किसका लिखूं? घर में कोई नै रहे, और वास आया तो फोन करने कू."

"माझाच लिहा."

"वो तो पैलाच है ना, बाजी," तो हसून म्हणाला.

मी पाचोडच्या भावाचा नंबर सांगितला. गॅसचा वास आला, तर भाऊ तासाभराच्या अंतरावरून काय करणार, हे त्यानेही विचारले नाही आणि मीही बोलले नाही. जाताना त्याने नळी थोडी सैल करून वास ओळखून घ्यायला लावला. सडक्या कांद्याचा, जळक्या लसणाचा. हा वास वायूचा नव्हेच. तो शहराच्या वेशीवर मिसळतात. जमिनीत असतो तेव्हा वायूला स्वतःचा वास नसतो. तो निसटून गेला तरी कोणाला कळत नाही.

म्हणूनच तर मानके बदलत होती. जुन्या नियमाप्रमाणे एखादी वायुविहीर निकामी झाली की तिच्यात सिमेंट भरायचे, तोंड बंद करायचे, आणि तिचा विषय संपला असे मानायचे. नव्या मसुद्याचे म्हणणे वेगळे होते. वायू निसटतो तो बहुधा अशाच विसरलेल्या विहिरींतून. तेव्हा त्या शोधा, तोंड बंद असले तरी त्यांच्याकडे ठरावीक काळाने जा, दाब मोजा, कान लावा. साठा आहे तोवर हे जाणे थांबवायचे नाही.

त्या विहिरींना इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा सरळ मराठी अर्थ 'टाकलेली'. माझा हात तिथे अडला.

माझा नवरा लग्नानंतर काही वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात राहायला गेला. भांडण झाले नाही, कोर्टकचेरी झाली नाही. एका दिवाळीला तो आला नाही, नंतरच्याही आला नाही. पाचोडच्या आठवडी बाजारात भाजी घेताना पाठीमागून जो शब्द कानावर येई, तो हाच. "ती बघ, मास्तरीण. टाकलेली." सरकारी कागदांत त्यालाच संस्कृत नेसवून 'परित्यक्ता' म्हणतात. मी मसुद्यात आधी 'परित्यक्त विहीर' असे लिहिले. ते माझ्याच अंगावर आले, तरी तसेच ठेवून पाठवून दिले.

तपासणी समितीची बैठक संगणकाच्या पडद्यावर भरली. अध्यक्ष निवृत्त अभियंता होते. मोकळे, गप्पिष्ट, मनाने चांगले.

"मॅडम, बाकी काम झकास. पण हे 'परित्यक्त विहीर' म्हणजे संगीत नाटकातलं वाटतंय हो. विहीर आता पद म्हणायला लागेल. साइटवरचा माणूस काय म्हणतो? टाकलेली विहीर. तेच लिहा."

"दुसरा एखादा शब्द बघते, सर."

"सोडलेली?" एका भूवैज्ञानिकाने सुचवले.

"छे, तिचा काडीमोड झाल्यासारखा वाटतो," अध्यक्ष म्हणाले.

मी घाईने म्हणाले, "राखलेली म्हटलं तर? नव्या नियमात तिच्यावर राखणच ठेवायची आहे."

क्षणभर पडदा थिजल्यासारखा झाला आणि मग सगळ्या चौकटी एकदम हसू लागल्या. शेतावर राखण असते. पण राखलेली बाई म्हणजे काय, ते मराठी बोलणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आयुष्यभर शब्दांवर बोट ठेवून शिकवलेल्या मला ते बोलण्यापूर्वी ऐकू आले नाही.

"अहो मॅडम, टाकलेली नको म्हणून तुम्ही थेट राखलेलीच केलीत!" अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आता असं करा, पुढच्या बैठकीपर्यंत घरी मिस्टरांनाच विचारा. पुरुषमाणूस काय म्हणेल ते लिहून टाकू."

मीही हसले. माझी चौकट इतरांइतकीच उजळ दिसत होती. बैठक संपली, तेव्हा पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत ते हसू अजून चेहऱ्यावर होते. ते उतरवायला समोर कोणी नव्हते. विहीर स्त्रीलिंगी आहे. तिला टाकता येते, सोडता येते, ठेवता येते, राखता येते. या प्रत्येक क्रियापदाच्या मागे एक बाई उभी होती, आणि पुढच्या बैठकीपर्यंत शब्द न सापडला तर मला माझ्याच हाताने, पानापानावर, तो बाजारातला शब्द लिहायचा होता.

दोन-तीन दिवसांनी क्रांती चौकातून रिक्षा करून बसस्टँड गाठला आणि पाचोडला गेले. आई अंगणात हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भावाची बायको तिच्याजवळ दाणे निवडत होती. सोललेल्या टरफलांचा ओला, उग्र वास अंगणभर होता.

"आलीस व्हय माय? लई वाळलीस," आई म्हणाली. हे ती दर वेळी म्हणते.

मीही सुपाला हात लावला. थोड्या वेळाने विचारले, "आई, आपलं पेव नेमकं कुठं होतं?"

"हे काय इथं. तुझ्या भावाची गाडी हुबी ऱ्हाती ना, तिच्याखाली."

"वापरणं बंद झाल्यावर त्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? टाकलेलं पेव," आई म्हणाली.

आणि तिची बोटे शेंगेवर थांबली. इतक्या वर्षांत आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. टाकलेला पाट, टाकलेली चप्पल, हेसुद्धा माझ्यासमोर कोणी म्हणत नसे. 'जुना पाट', 'तुटकी चप्पल' म्हणत. वहिनीने मान वर केली, "ताई, च्या ठेवते हां," म्हणाली आणि पदर खोचत आत गेली. स्टोव्हऐवजी आता तिथेही गॅस होता. लायटरची चट्‌चट् बाहेरपर्यंत ऐकू आली.

आईने शेंग सोलली. दाणे सुपात पडले.

"पर नुसतं टाकलं नव्हतं त्ये," ती खाली बघतच म्हणाली. "तुझ्या आबानं आत भुसा-माती भरली. दगड बशिवला. वरून म्या लिंपलं, ह्या हातानं. अन् दर पावसाळ्यात जायची मी, पाय आपटून बघाया. बद्द वाजलं तर ठीक. पोकळ वाजलं म्हंजी खालून माती खचली. ढोर जायचं एखांदं आत."

"बघत होतीस म्हणजे."

"बघावं लागतंच की. लिंपलं म्हंजी सरलं व्हय?"

तिने पुढची शेंग उचलली. मीही. नवरा गेला, त्या वर्षी या घराने ठरवून टाकले होते की मला काही विचारायचे नाही. ती माया होती. तिच्यावर रागावण्याची सोय नव्हती. मी येई, जेवी, जाई. आई माझ्या ताटात वाढी, पिशवीत काहीबाही घाली, आणि रात्री मी त्या दोन खोल्यांत कशी निजते, याबद्दल तिने एक अक्षर काढले नाही. प्रेमाने, दोन्ही हातांनी, नीट लिंपून घेतले होते तिने मला. निघताना तिने शेंगांची पिशवी दिली. बस येईपर्यंत फाट्यावर माझ्याजवळ उभी राहिली. काही विचारायचे असल्यासारखा तिचा हात माझ्या दंडावर होता. मग बस आली.

पुढच्या बैठकीपूर्वी मी मसुद्यात सगळीकडे 'लिंपलेली विहीर' असे लिहिले.

"लिंपलेली?" अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, चूल लिंपतात."

"पेवाचं तोंडही लिंपतात, सर. आमच्याकडे."

"हां, पेव! ऐकलंय. आता फक्त कोचिंग क्लासचं पेव फुटतं." थोडे हसू झाले. "पण बघा ना, टाकलेली म्हटलं की लगेच कळतं माणसाला."

"कळतं, सर. म्हणूनच नको." माझा आवाज वर्गात असे तसा स्थिर होता, याचे मला नवल वाटले. "टाकलेलीकडे बघायला कोणी जात नाही. तुमचा नवा नियम तर जाऊन बघा म्हणतो. शब्दच माणसाला जाऊ देणार नाही."

या वेळी कोणी हसले नाही. भूवैज्ञानिकाने मान हलवली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लिंपलेली. ठेवा तसंच." मग त्यांना काहीतरी वाटले असावे, मिस्टरांचे त्यांनी पुन्हा काढले नाही.

पडदा काळा झाला. गल्लीतले खणणे संपून चर बुजवले होते, त्यामुळे आता तेवढाही आवाज नव्हता. मी एक शब्द जिंकला होता, आणि ते सांगावे असे कोणी नव्हते. तुरीचे दाणे शिजायला टाकले. शेगडीच्या निळ्या ज्योतीकडे बघत उभी राहिले.

दिवेलागणीला फोन वाजला. भावाचा नंबर होता. पाचोडहून फोन येतो तो लग्नाचा, बारशाचा, नाहीतर कोणी गेल्याचा. बोलतो भाऊ किंवा वहिनी. आईला फोन लावता येत नाही, आणि हल्ली ऐकूही कमी येते. मी "हॅलो" म्हटले. उत्तर नाही. दूरवर वहिनीचा आवाज आला, "लागला बघा, बोला आता," आणि तिची पावले लांब गेली. मग नुसता श्वास. बांगड्यांची किणकिण. कुठेतरी शेळी ओरडली. मी पुन्हा "हॅलो" म्हटले नाही. फोन कानाशी घट्ट धरून, शेगडी बंद करून, अंधारत्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसले आणि वाट पाहिली.

खूप वरून, काठावरून यावा तसा आईचा आवाज आला.

"हायेस?"